वॉशर कोणी बदलायचा?

सिंगापूरमध्ये कॉन्डोतलं घर भाड्याने घेताना करारात एक कलम हमखास येतं. घरात किरकोळ दुरुस्ती निघाली, तर दर वेळी पहिले दीडशे-दोनशे डॉलर भाडेकरूने भरायचे आणि त्यावरचा खर्च मालकाने करायचा. काही करारांत हा आकडा तीनशेपर्यंत चढतो. सही करताना तिकडे कोणाचं लक्ष नसतं. डोक्यात भाडं असतं, मुलांच्या शाळेचं अंतर असतं, फोडणीचा धूर बाहेर जाईल असं स्वयंपाकघर आहे का ही काळजी असते. चार महिन्यांनी गिझर थंड पडतो, प्लंबर एकशे ऐंशी डॉलरचं बिल हातात ठेवतो, आणि तेव्हा कुठे ते कलम वाचलं जातं.

त्यानंतरची तक्रार सिंगापूर, दुबई, बँकॉक कुठेही गेलात तरी सारखीच ऐकू येते. इमारतीच्या मेंटेनन्सला दरमहा एवढे पैसे जातात, मग नळाचे वेगळे कशाला? आम्ही बाहेरचे म्हणून आम्हाला कापताय का? प्रश्न रास्त आहे, पण त्यात दोन वेगळ्या पैशांची गल्लत झालेली असते. एक पैसा इमारतीचा, दुसरा घराच्या दाराआतला. पहिल्याच्या बाबतीत परदेशी माणसावर अन्याय होतो असं मला फारसं दिसत नाही. दुसऱ्याच्या बाबतीत होतो. मात्र त्याचं कारण पासपोर्टमध्ये शोधून सापडणार नाही. ते मुक्काम किती लांबीचा आहे, यात आहे.

आधी इमारतीचा पैसा. सिंगापूरमध्ये २००४च्या स्ट्रॅटा कायद्याखाली प्रत्येक कॉन्डोची एक मॅनेजमेंट कॉर्पोरेशन असते. रोजच्या वापरात तिला एमसीएसटी म्हणतात. ती घरमालकांकडून दोन फंडांसाठी वर्गणी घेते. मॅनेजमेंट फंडातून रखवालदार, साफसफाई, लिफ्टची देखभाल, पोहण्याचा तलाव हे चालतं. सिंकिंग फंड पुढच्या मोठ्या कामांसाठी, म्हणजे रंगकाम, लिफ्ट बदलणं, गच्चीचं वॉटरप्रूफिंग यांसाठी साठवला जातो. वर्गणी ठरते ‘शेअर व्हॅल्यू’वर, आणि ती कशी ठरते हे बघण्यासारखं आहे. पन्नास चौरस मीटरपर्यंतच्या घराला ५ शेअर, एक्कावन्न ते शंभरला ६, एकशे एक ते दीडशेला ७, अशी ती पायरी-पायरीने वर जाते. म्हणजे पन्नास मीटरच्या जागी शंभर मीटरचं घर असलं तरी वर्गणी जेमतेम वीस टक्क्यांनी वाढते. एका खोलीच्या घरात राहणारा एकटा इंजिनिअर आणि शंभर मीटरच्या घरात रोज संध्याकाळी तलावात डुंबणारी तीन मुलं असलेलं कुटुंब, या दोघांच्या घरांवर जवळपास सारखाच बोजा पडतो. इथे अन्याय शोधायचाच असेल तर तो लहान घरावर आहे. त्या घरात सिंगापुरी राहतो की सोलापूरकर, याने काही फरक पडत नाही.

भाडेकरूला ही वर्गणी थेट भरावी लागत नाही. ती मालक भरतो आणि भाड्यातून वसूल करतो. त्यामुळे ‘मेंटेनन्स आम्हीच भरतो’ हे भाडेकरूचं म्हणणं अर्थशास्त्राच्या दृष्टीने बरोबर आहे. पण ते पैसे घराच्या उंबरठ्यापर्यंतच येतात. एमसीएसटीचा मिस्त्री लॉबीतला दिवा बदलेल, तुमच्या न्हाणीघरातला बदलणार नाही. अडचण फक्त सीमारेषेवर येते. छतातून पाणी टपकायला लागलं तर? सिंगापूरच्या कायद्याने तिथे एक सोय केली आहे. वरच्या घरातून गळती होत असेल तर दोष वरच्या घराचाच, असं गृहीत धरायचं आणि तसं नसल्याचं वरच्याने सिद्ध करायचं. भाडेकरू या भांडणात येत नाही. त्याने बादली ठेवायची आणि मालकाला फोन करायचा.

दुबईत सर्व्हिस चार्ज चौरस फुटावर लावतात, आणि २०१९च्या सहाव्या क्रमांकाच्या कायद्यानंतर त्यावर सरकारी देखरेख बरीच घट्ट झाली आहे. इमारतीचं अंदाजपत्रक रेरा ही नियामक संस्था मंजूर करते आणि हिशेब ‘मोल्लाक’ नावाच्या प्रणालीतून जातो. मालकांची समिती असते, पण कारभार व्यवस्थापन कंपनीच्या हाती. तिथली बहुसंख्य लोकवस्तीच बाहेरून आलेली असल्यामुळे ‘परदेशी विरुद्ध स्थानिक’ हा वाद इमारतीच्या खर्चात फारसा उभा राहत नाही. बाहेरच्यांना वेगळा बोजा आहे तो दुसरीकडे, म्हणजे वीज-पाण्याच्या बिलातून वसूल होणाऱ्या, वार्षिक भाड्याच्या पाच टक्के असलेल्या हाउसिंग फीमध्ये. तो मेंटेनन्स नाही, कर आहे. लोक दोन्ही एका दमात बोलतात, त्यामुळे हिशेब बिघडतो.

बँकॉक-पट्टायात संशयाला थोडी जास्त जागा आहे. थायलंडच्या राष्ट्रीय उद्यानांत परदेशी पर्यटकाला उघडउघड जास्त तिकीट असतं. त्याची सवय झालेला माणूस इमारतीचं बिल बघतानाही तोच चष्मा लावतो. पण १९७९चा कॉन्डोमिनियम कायदा तसं काही म्हणत नाही. परदेशी लोकांना इमारतीच्या एकूण क्षेत्रफळाच्या ४९ टक्क्यांपर्यंत मालकी घेता येते, आणि सामायिक खर्चाचा दर चौरस मीटरला सगळ्यांना एकच असतो. थकबाकीची शिक्षाही सारखीच. उशिराला वर्षाला १२ टक्क्यांपर्यंत दंड. सहा महिन्यांहून जास्त थकलं तर २० टक्क्यांपर्यंत, शिवाय सामायिक सेवा बंद आणि सभेतलं मत गेलं. परदेशी मालकाची खरी अडचण सभेतच होते. कामकाज थाई भाषेत चालतं, एका प्रतिनिधीला तीनपेक्षा जास्त घरांची मतं घेता येत नाहीत, आणि पहिल्या सभेला गणसंख्या जमली नाही तर पंधरा दिवसांच्या आत होणाऱ्या दुसऱ्या सभेला गणसंख्येची अटच नसते. डिसेंबरात येऊन चार महिने राहणाऱ्या युरोपियन म्हाताऱ्याच्या घराचा दर मे महिन्यात, तो नसताना वाढू शकतो. दर सगळ्यांनाच वाढतो हे खरं, पण तो ठरवण्यात त्याचा हात नसतो.

आता दाराआतला पैसा. वादाचा खरा मजकूर इथे आहे.

किरकोळ दुरुस्तीच्या कलमांचे माझ्या मते तीन प्रकार पडतात. त्यांतला फरक शब्दांत लहान दिसतो, पैशांत मोठा. सिंगापुरात ‘पहिला वाटा’ पद्धत आहे. बिल कितीही येवो, सुरुवातीचे दोनशे भाडेकरूचे. दुबईत प्रथा आहे ‘रेघे’ची. पाचशे किंवा हजार दिरहमच्या आतलं काम भाडेकरूचं, त्यावरचं मालकाचं. मात्र रेघ ओलांडली की सगळं बिल मालकाचं की फक्त वरचा भाग, हे करारात नीट लिहिलेलं नसेल तर तिथेच भांडण लागतं. वास्तविक दुबईच्या २००७च्या सव्विसाव्या क्रमांकाच्या कायद्याचं सोळावं कलम देखभाल आणि बिघाड मालकाच्या अंगावर टाकतं. पण त्याच कलमात ‘दोघांनी वेगळं ठरवलं नसेल तर’ अशी वाट ठेवली आहे, आणि छापील करार नेमका त्या वाटेने जातो.

तिसरी पद्धत जर्मनीची. तिथे म्युनिक-स्टुटगार्टला गेलेला आपला माणूसही हे कलम बघून आधी वैतागतो. पण तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १९८९मध्येच या कलमाला लगाम घातला. भाडेकरूकडून पैसे घ्यायचे ते फक्त त्याचा रोज हात लागणाऱ्या वस्तूंचे. नळ, बटणं, शॉवर, खिडकीची मूठ. भिंतीतली पाइप किंवा वायर नाही, कारण ती बिघडण्यात त्याचा काही हात नसतो. प्रत्येक दुरुस्तीला मर्यादा हवी, ती हल्ली साधारण शंभर युरोच्या आसपास धरतात. आणि वर्षाच्या एकूण खर्चालाही मर्यादा हवी, साधारण वार्षिक भाड्याच्या सहा-आठ टक्क्यांपर्यंत. ही वार्षिक मर्यादा करारात नसेल तर अख्खं कलम रद्द. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे बिल मर्यादेच्या वर गेलं तर भाडेकरूने काहीच द्यायचं नाही, पहिले शंभरही नाहीत. इमारतीच्या खर्चातही तीच शिस्त आहे. साफसफाई, पाणी, लिफ्ट चालवण्याचा खर्च भाडेकरूकडून घेता येतो. व्यवस्थापनाचा खर्च आणि दुरुस्तीसाठीची गंगाजळी नाही, ती मालकाचीच.

सिंगापूरच्या कलमाची खोट या तुलनेत लख्ख दिसते. समजा करारातली मर्यादा दोनशे डॉलर आहे. वर्षभरात मिक्सर नळ गेला, १२० डॉलर. गिझर, १८०. एसीतून पाणी गळायला लागलं, बिल ४५० आलं, त्यातले २००. भाडेकरूचे पाचशे गेले आणि मालकाचे अडीचशे. जर्मनीतल्या नियमाने बघितलं तर गिझर आणि एसी दोन्ही रोज हात लागणाऱ्या वस्तूंच्या यादीत बसणार नाहीत, आणि भाडेकरूच्या वाट्याला फार तर नळाचे १२० आले असते. पण पैशांपेक्षा मला जास्त खटकते ती या कलमातून लागणारी सवय. दर वेळचं बिल दोनशेच्या आत राहिलं तर मालकाला काहीच द्यावं लागत नाही. मग अकरा वर्षांचा एसी बदलण्याऐवजी त्यात गॅस भरला जातो, तीन महिन्यांनी पुन्हा भरला जातो, मग केमिकल वॉश होतो. प्रत्येक ‘किरकोळ’ दुरुस्ती भाडेकरूच्या खिशातून जाते, आणि यंत्राचं म्हातारपण पुढच्या भाडेकरूकडे जातं. सिंगापूरसारख्या हवेत एसी ही चैन नाही. शिवाय दर तीन महिन्यांनी सर्व्हिसिंग करून पावत्या जपून ठेवण्याची जबाबदारी करारानेच भाडेकरूवर टाकलेली असते. ज्याने देखभालीचे पैसे भरले, त्यालाच म्हातारपणाचाही भुर्दंड.

यात परदेशी माणूस मुद्दाम हेरलेला नाही, तरी सापडतो तोच. सिंगापूरच्या रहिवाशांपैकी दहातले आठच्या आसपास लोक सरकारी एचडीबी घरांत राहतात आणि बहुतेकांचं घर स्वतःचं असतं. परदेशी माणसाला एचडीबीचं घर विकत घेता येत नाही. कॉन्डो घेता येतो, पण एप्रिल २०२३पासून त्यावर साठ टक्के जादा मुद्रांक शुल्क आहे. म्हणजे वर्क पासवर आलेल्या माणसापुढे भाड्याचं घर हाच व्यवहार्य रस्ता उरतो. कायदा पासपोर्ट विचारत नाही, पण ज्या दारावर हे कलम चिकटवलेलं आहे त्या दारातून जास्त करून बाहेरचाच माणूस आत जातो. पूर्वी बड्या कंपन्या अशा लोकांचं भाडं स्वतः भरायच्या, तेव्हा दोनशे डॉलरचं बिल अकाउंट्सकडे जाऊन विरून जायचं. आता बहुतेकांना एकरकमी पगार मिळतो आणि भाडं, नळ, एसी सगळं त्यातूनच निघतं. कलम मात्र बदललेलं नाही.

मुक्कामाची लांबी म्हणालो ती या अर्थाने. वीस वर्षं टिकणारी वस्तू अठराव्या वर्षी कुरकुरायला लागली, की त्या वर्षी घरात जो असेल तो पैसे भरतो. स्थानिक मालक स्वतःच्या घरात राहतो तेव्हा वापराचं सुखही त्याचं आणि म्हातारपणाचा खर्चही त्याचाच. दोन वर्षांसाठी आलेला माणूस सुखाची दोन वर्षं घेतो आणि नशिबाने वाटून आलेला खर्च. कधी त्याला नवं घर मिळतं आणि काहीच भरावं लागत नाही, हेही खरं. पण लॉटरीला न्याय म्हणता येत नाही. जाणते एजंट म्हणूनच पहिले तीस दिवस ‘प्रॉब्लेम-फ्री’ लिहून घ्यायला लावतात. त्या काळात जे बिघडेल ते मालकाने करायचं. चांगली सोय आहे, पण एकतिसाव्या दिवशीही गिझर तेवढाच जुना असतो.

मालकाची बाजू अजिबात नाही असं नाही. बल्ब गेला तरी मालकाला मेसेज करणारे भाडेकरू असतात. सिंकमध्ये तेल ओतून वर्षाकाठी दोनदा पाइप तुंबवणारेही असतात, आणि त्यात आपल्याकडचे तळणप्रेमी मागे नाहीत. काहीच झळ लागत नसेल तर वस्तू जपून वापरण्याचं कारण उरत नाही. मालक निवृत्त शिक्षक असेल आणि तेवढं एकच घर त्याच्या उत्पन्नाचं साधन असेल, तर दर पंधरवड्याला मिस्त्री पाठवणं त्याला परवडत नाही. म्हणून कलमच नको असं मी म्हणणार नाही. वॉशर, बल्ब, एसीचं फिल्टर, तुंबलेली जाळी हे राहणाऱ्याने करावं. त्यासाठी मर्यादेचा नुसता आकडा पुरत नाही, वस्तूंची यादी लागते आणि वर्षाचा कमाल आकडा लागतो. मोठ्या बिलातला पहिला वाटा भाडेकरूकडून घेण्याचं समर्थन मला कुठल्याच बाजूने सापडत नाही.

खरी कुचंबणा निघताना होते. सिंगापुरात वर्षाच्या करारामागे एका महिन्याचं भाडं डिपॉझिट म्हणून ठेवायची रीत आहे. दोन वर्षांचा करार तर दोन महिन्यांचं. नोकरी सुटली किंवा बदली झाली तर ‘डिप्लोमॅटिक क्लॉज’ वापरून बारा महिन्यांनंतर दोन महिन्यांच्या नोटिशीवर घर सोडता येतं. एवढं पदरात असतं, पण वर्क पास रद्द झाल्यावर देशात राहायला साधारण तीस दिवस मिळतात. सामान बांधायचं, शाळा सोडल्याचा दाखला काढायचा, बँक बंद करायची, आणि त्यातच मालकाची यादी येते. भिंतीवर खिळ्याचं भोक, सोफ्यावर डाग, ओट्याच्या कडेला टवका. माणूस विमानतळावर निघालेला आहे हे दोघांनाही माहीत असतं. पाचशे डॉलर कापले तर तो काय करणार?

सिंगापूरमध्ये तो काहीतरी करू शकतो, हे त्या व्यवस्थेच्या बाजूने सांगायला हवं. दोन वर्षांपर्यंतच्या निवासी भाडेकराराचे वाद स्मॉल क्लेम्स ट्रायब्युनलकडे जातात. दाव्याची मर्यादा वीस हजार डॉलर, दोघांच्या संमतीने तीस हजार. वकील चालत नाही, आणि पाच हजारांपर्यंतच्या दाव्याला व्यक्तीला फी फक्त दहा डॉलर. मालकांनाही हे ठाऊक असतं, त्यामुळे फोटो आणि पावत्या असलेल्या भाडेकरूशी ते जरा बेताने बोलतात. दुबईच्या भाडेविवाद केंद्रात मात्र फी किमान पाचशे दिरहमपासून सुरू होते. सहाशे दिरहमच्या नळासाठी कोण जाईल? त्यामुळे तिथे किरकोळ दुरुस्तीचं कलम बहुधा मालकाच्या सोयीनेच वाचलं जातं. बिघाड जितका लहान, तितका न्याय महाग.

हे सगळं वाचताना पुण्या-मुंबईत घर ठेवून परदेशात गेलेल्या माणसाला आपल्या सोसायटीची आठवण येणारच. तिथे तो परदेशी नाही, पण गैरहजर आहे, आणि गैरहजर सभासदाला वेगळं वागवण्याची आपली परंपरा जुनी आहे. घर भाड्याने दिलं की नॉन-ऑक्युपन्सी चार्ज. एके काळी सोसायट्या तो मनाला येईल तसा लावायच्या. सभासद भाडं कमावतो, मग सोसायटीलाही वाटा हवा, हा युक्तिवाद. राज्य सरकारने १ ऑगस्ट २००१ रोजी सहकार कायद्याच्या ७९अ कलमाखाली आदेश काढून त्याला सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातली, आणि माँ ब्लाँ सोसायटीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २००७मध्ये तो आदेश उचलून धरला. म्हणजे सेवाशुल्क महिना दोन हजार असेल तर जादा फक्त दोनशे. जवळचे नातेवाईक राहत असतील तर तेही नाहीत. तरी आजही काही सोसायट्यांच्या बिलांत वेगळे आकडे दिसतात, कारण विरोध करणारा सभासद न्यू जर्सीत असतो आणि आदर्श उपविधींनुसार सर्वसाधारण सभेत मुखत्याराला प्रवेश नसतो. थायलंडमध्ये प्रतिनिधीला निदान तीन घरांची मतं तरी मिळतात.

दाराआतल्या पैशांचं काय, ते मात्र आपल्याकडे कोणी विचारत नाही. केंद्राच्या २०२१च्या आदर्श भाडेकरार कायद्याच्या परिशिष्टात दोन याद्या आहेत. मालकाने करायची कामं म्हणजे इमारतीच्या मूळ ढाच्याची दुरुस्ती, भिंतींचा रंग, पाइप बदलणं, वायरिंग. भाडेकरूने करायची म्हणजे नळ आणि त्यांचे वॉशर, बेसिन, बटणं, कड्या-कुलपं, आणि गिझरसुद्धा. यादी आहे ही चांगली गोष्ट. पण तिच्यात पैशांची मर्यादा नाही आणि वस्तूच्या वयाचा विचार नाही. शिवाय तो नमुना आहे, स्वीकारायचा की नाही हे राज्याने ठरवायचं. पुण्यातला अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार त्याची वाट बघत बसलेला नाही. त्यात किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याने करावी एवढी एक ओळ असते. सिंगापुरातल्या दोनशे डॉलरवर चिडलेला माणूस वाकडच्या आपल्या टू बीएचकेसाठी त्याच ओळीवर ऑनलाइन सही करतो. महिन्याभराने लातूरहून आलेला भाडेकरू गिझरचं कॉइल गेल्याचं व्हॉट्सअ‍ॅपवर कळवतो, तेव्हा उत्तर येतं, ‘तुम्हीच करून घ्या, किरकोळ आहे.’ किती रुपयांपर्यंत किरकोळ, हे त्या करारात कुठेच लिहिलेलं नसतं.